टाकीभर पाणी, युनिटभर वीज

परवा सांगोल्याहून मावसबहिणीचा फोन आला. उन्हाळ्यात तिचा फोन आला की पहिली पाच मिनिटं पाण्याची, हे आता ठरूनच गेलंय. नळ किती दिवसांनी आला, टँकरवाल्याने किती घेतले, शेजारच्यांची बोअर कशी आटली. मी इकडून सवयीने ‘हो का’, ‘अगंबाई’ करत होते. मध्येच आठवण झाली म्हणून म्हटलं, "एक मिनिट थांब हं, गीझर बंद करून येते."

झालं! परत येऊन फोन कानाला लावते तो बाईसाहेब उसळलेल्या. "गीझरचं काय सांगतेस ताई मला! आमच्या वाटचं पाणी जाळून तर तुमची वीज होते."

मला रागच आला. पाणी कधी जळतं का? आणि मी माझगावात राहते, बेस्टचं बिल वेळेवर भरते, हिचं पाणी मी कशाला घेऊ? फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग आठ दिवस जमेल तेवढं वाचून काढलं, जाणत्या माणसांना विचारलं. शेवटी असं निघालं, की तिचं निम्मं चूक होतं आणि निम्मं अगदी खरं.

आधी चूक काय ते सांगते, कारण त्यात पाण्यापासून वीज कशी होते तेही कळेल.

आमच्या डॉकयार्ड रोड स्टेशनच्या डोक्यावर एक टेकडी आहे, भंडारवाड्याची. वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. संध्याकाळी आम्ही बायका तिथे चालायला जातो. खाली गोदीतली जहाजं दिसतात, पलीकडे खाडी दिसते. आणि आमच्या पायाखाली, त्या बागेच्या पोटात, पाण्याचा मोठा जलाशय आहे. लांबच्या तलावांचं पाणी इथे येऊन साठतं आणि इथून उताराने आसपासच्या वस्त्यांत जातं. टेकडीवर आहे म्हणूनच ते जोरात येतं. उंचीवर साठवलेल्या पाण्याच्या अंगी जोर असतो, एवढंच या सगळ्या शास्त्राचं मूळ.

तो जोर वाया न घालवता त्याच्या वाटेत चाक ठेवायचं, की झालं वीजघर. वरच्या तलावातून पाणी जाडजूड नळांतून खाली आणतात. खाली पोचेपर्यंत त्याचा झोत असा होतो की माणूस समोर उभा राहू शकणार नाही. तो झोत एका चाकावर सोडतात. घाटाखालच्या वीजघरात वापरतात त्या जातीच्या चाकाच्या कडेला आप्पेपात्राच्या वाट्यांसारखे खोलगट कप असतात. झोत त्यात आदळतो, चाक गरगर फिरतं, आणि चाकाच्या दांड्यावर बसवलेलं जनित्र वीज करतं. आपल्या वडलांच्या सायकलला डायनॅमो असायचा ना, चाकाला टेकवला की दिवा लागायचा, तोच प्रकार, फक्त हत्तीएवढा.

म्हणजे पाणी जळत नाही. त्याची वाफ होत नाही, राख होत नाही, एक थेंब कमी होत नाही. चाक फिरवून ते पुढे निघून जातं. पण निघून जातं कुठे, हा प्रश्न मी बहिणीला फोनवर विचारला नाही, कारण तेव्हा मला तो सुचलाच नव्हता.

त्याआधी एक हिशेब. हजार लिटरची काळी टाकी आता बहुतेक गच्च्यांवर असते. तेवढं पाणी सुमारे पाचशे मीटर उंचीवरून खाली सोडलं, तर त्यातून साधारण एक युनिट वीज मिळते, फार तर थोडी जास्त. फक्त शंभर फुटांवरून सोडलं तर तेवढ्याच एका युनिटाला असल्या चौदा टाक्या लागतील. म्हणून वीज करणाऱ्याला नुसतं पाणी नको असतं, कडा हवा असतो. आता घरातलं बघा. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. माझ्या दोन बादल्या ऊन पाण्यासाठी जलविद्युत वापरायची म्हटली, तर कुठल्यातरी डोंगरावरून अख्खी एक टाकी खाली यायला हवी! हे गणित कळल्यापासून गीझरचं बटण दाबताना थोडं चोरट्यासारखं होतं, खरं सांगते.

तर तो डोंगर कुठला? मुंबईत वीज आली ती कोळशावर. बेस्टच्या मूळ कंपनीने १९०५ साली वाडीबंदरला वीजघर काढलं आणि मागणी वाढल्यावर आमच्या माझगावातच कसारा इथे दुसरं. म्हणजे एके काळी वीज इथेच व्हायची आणि तिचा धूरही इथेच राहायचा. त्यात गिरण्यांचा धूर वेगळा. परळ, लालबाग, भायखळा, जिकडे बघावं तिकडे धुराडी. कोळसा लांबून आणायचा, तो महाग. या धुराला आणि कोळशाला उपाय म्हणून जमशेटजी टाटांच्या डोक्यात घाटावरच्या पावसाची कल्पना होती. ते १९०४ मध्ये गेले. मुलाने, दोराबजींनी, ती पुरी केली. १९१० मध्ये कंपनी निघाली, १९११ मध्ये लोणावळ्याजवळ वळवणला कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. मग १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. गिरण्या विजेवर चालू लागल्या. मुंबईचा धूर कमी झाला, यात शंकाच नाही. आमच्या आधीच्या पिढ्यांच्या छातीवर तेवढे उपकार झाले.

आता नकाशा घ्या. शाळेतल्या मुलाचा चालेल. लोणावळ्याचं पाणी मुळात इंद्रायणीचं. इंद्रायणी देहूवरून, आळंदीवरून जाते. मुळशीचं पाणी मुळेचं. ती पुण्यात मुठेला मिळते. पुढे या सगळ्या भीमेत जातात, भीमा उजनीत, आणि तिथून पंढरपूर, सोलापूर. म्हणजे देवाने ते पाणी विठोबाच्या पायाशी जायला सोडलं होतं. पण पूर्वेचा उतार हळू हळू जाणारा, त्यात वीज फार मिळत नाही. पश्चिमेला मात्र एका उडीत पाचशे मीटरचा कडा. म्हणून पूर्वेकडे जाणारं पाणी बांध घालून अडवलं, बोगद्यातून वळवलं आणि कोकणात सोडून दिलं.

किती? कृष्णा पाणी तंटा लवादाने टाटांच्या धरणांसाठी वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या आसपास पाणी धरलं आहे. टीएमसी हा शब्द पेपरात आला की आपण पान उलटतो. टाकीच्या हिशेबात सांगते. एक टीएमसी म्हणजे हजार लिटरच्या २ कोटी ८३ लाख टाक्या. असं ४२ पट. पश्चिमेला वळवायला कोयनेला त्याहून जास्त, ६७.५ टीएमसी. तेही मुळात कराडला कृष्णेला मिळणारं, पूर्वेचं पाणी.

तेव्हा बहिणीचं निम्मं खरं ते हे. पाणी जळत नाही, पण तिच्या बाजूने फिरवून दुसरीकडे जरूर जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. त्या वजा आकड्यांचा अर्थ सोलापूरच्या बायकांना कुणी समजावून द्यायला नको.

आणि पाणी जायच्या आधी गावं गेली, हे आपण विसरतो. मुळशीचं धरण बांधायला घेतलं तेव्हा मावळातल्या पन्नासहून जास्त गावांच्या भातजमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १९२१ च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते. ‘सेनापती’ हे नाव त्यांना या लढ्यानेच दिलं. विनायकराव भुस्कुटे होते. बायकाही होत्या, मुलं कडेवर घेऊन बांधकामावर जाऊन बसत. शेवटी १९२४ मध्ये तो लढा मोडला. जमिनीचे कागद ज्यांच्या नावावर होते त्यातले बरेच सावकार पुण्यात राहणारे. त्यांनी मोबदला घेऊन विषय मिटवला. कसणारे मावळे राहिले बाजूला. राजेंद्र व्होरांनी यावर पुस्तक लिहिलंय, मिळालं तर जरूर वाचा. जगातल्या पहिल्या धरणविरोधी लढ्यांत त्याची गणना होते, आणि आमच्या शाळेच्या इतिहासात त्याला दोन ओळी होत्या!

पुस्तकातलं सोडा, आमच्या चाळीतल्या आक्कांचं सांगते. आक्कांचे यजमान मसजिद बंदरला माथाडी कामगार होते. पाटण-जावळीकडची माणसं त्या कामात फार. आक्कांचं माहेर कोयनेच्या खोऱ्यात होतं. होतं म्हणजे आता नाही, शिवसागराखाली आहे. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या. सामान बैलगाडीत घातलं, आईने उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि चुलीतला विस्तव पाणी घालून विझवला, एवढं त्यांना लख्ख आठवतं. घरच्यांना जमीन मिळाली ती लांब, दुसऱ्या जिल्ह्यात, ओळख ना पाळख. कागदावर आक्कांच्या वडलांचं नाव चुकीचं पडलं होतं. ते दुरुस्त करायला भाऊ कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत म्हातारा झाला. पाणी खूप खाली गेलं की जुन्या घराचं जोतं उघडं पडतं. भाऊ अजून बघायला जातो. मागच्या खेपेला मोबाइलवर फोटो पाठवला त्याने. आक्कांनी तो मला दाखवला. चिखलात नुसते चार दगड. "ही पडवी," म्हणाल्या, "इथे आमची आजी बसायची."

कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. १९६० मेगावॉटची क्षमता आहे तिची. महाराष्ट्राचे कारखाने, शेतीपंप, गावोगावचे दिवे यात तिचा वाटा केवढा तरी. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे जो भूकंप झाला त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. धरणात साठवलेल्या पाण्याशी त्याचा संबंध शास्त्रज्ञ जोडतात. जगभर या विषयात कोयनेचं नाव घेतलं जातं. आक्का त्या पहाटे पाटणला मामाकडे होत्या. त्याबद्दल त्या बोलत नाहीत, आम्हीही विचारत नाही.

इतकं सगळं ऐकल्यावर कुणी म्हणेल, मग ही वीज हवी कशाला? मीही आधी तसंच म्हणणार होते. पण मला ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवली. कोरोनाचे दिवस. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. आपण खिडकीत पणती लावली आणि विसरलो. पण वीज सांभाळणाऱ्यांच्या पोटात गोळा आला होता. कारण वीज साठवून ठेवता येत नाही. जितकी लागते तितकीच त्या क्षणी बनवावी लागते, कमी-जास्त झालं की सगळं जाळंच कोसळतं. त्या नऊ मिनिटांत देशाची मागणी ३१ हजार मेगावॉटहून जास्त खाली आली. कोळशाचं वीजघर असं पटकन खाली-वर होत नाही. दगडी चुलीसारखं असतं ते, पेटायला वेळ, विझायला वेळ. जलविद्युत म्हणजे गॅसची शेगडी. कान पिळला की मोठी, कान पिळला की बारीक. त्या रात्री १७ हजार मेगावॉटहून जास्त जलविद्युत आधी झटपट खाली आणली आणि मग परत वर नेली. कुणाच्या घरातला फ्रिजसुद्धा बंद पडला नाही. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हाही ती परत आणताना घाटाखालच्या या जुन्या वीजघरांचा उपयोग झाला.

संध्याकाळी सहा-सातला सूर्य मावळतो, सौर वीज बंद होते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर चालू होतात. ती दोन-चार तासांची भर काढायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. धूर नाही, कोळसा नाही, आणि धरण एकदा फिटलं की वीजही स्वस्त. खोपोलीच्या योजनेला शंभराहून जास्त वर्षं झाली, अजून चालते. आपल्या घरातली कुठली वस्तू एवढी टिकली सांगा!

फायदा खरा आहे आणि किंमतही खरी आहे. माझी तक्रार एवढीच, की फायदा एकाच्या दारात आणि किंमत दुसऱ्याच्या. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. तुमच्याकडे दहा-दहा, बारा-बारा तास लोडशेडिंग. पिठाची गिरणी कधी चालू होईल ते बघून दळण टाकायचं, मुलांनी दहावीचा अभ्यास मेणबत्तीवर करायचा. मुंबईला त्यातून जवळजवळ सूट होती. मी दिवाळीत सांगोल्याला गेले तेव्हा अंधारात जेवले, आणि परत आल्यावर आमच्या चाळीच्या जिन्यातला दिवा दिवसाही जळत होता. कुणी बंद केला नव्हता.

मग पाणी परत पूर्वेला द्या, अशी मागणी २०१६ च्या दुष्काळात जोरात झाली. लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते हे वर्ष. पुढेही उन्हाळा आला की ती मागणी होतेच. ऐकायला सरळ वाटते. पण इथे एक गोम आहे. खोपोलीतून निघालेलं पाणी पाताळगंगेत जातं, भिवपुरीचं उल्हास नदीत, भिऱ्याचं कुंडलिकेत. शंभर वर्षांत त्या पाण्यावर तिकडे वस्ती आणि कारखाने उभे राहिलेत. बदलापूर, अंबरनाथ, कल्याणच्या बायका उल्हासचं पाणी पितात. एका दिवसात ते तोडलं तर सांगोल्याची घागर भरेल आणि बदलापूरची रिकामी होईल. बायकांचीच भांडणं लावायची आहेत का आपल्याला?

मला विचाराल तर, सगळं पाणी परत मागणं जमणारं नाही आणि एकही थेंब न देणंही न्यायाचं नाही. मुळशीच्या धरणाला पूर्वेकडे पाणी सोडायचे दरवाजे आहेतच. अतिवृष्टी झाली की त्यातूनच मुळेत पाणी सोडतात, म्हणजे पुण्यात पूर आलेला असतो तेव्हा! मग उजनी वजा असेल त्या वर्षी थोडं पाणी तिकडे सोडायचा नियम का होऊ नये? टाटांची ही तीन जुनी वीजघरं मिळून साडेचारशे मेगावॉटच्या आसपास. मुंबईला उन्हाळ्यात चार हजारांहून जास्त लागते. १९१५ साली याच पाण्यावर गिरण्या अडल्या होत्या, आता तेवढं अडत नाही. दुष्काळी वर्षात आम्ही मुंबईकरांनी थोडी महाग वीज घ्यावी. बिलात दहा-वीस रुपये वाढले तर मी कुरकुर करीन, माझा स्वभावच तो, पण भरीन.

हे आत्ताच लिहायचं कारण आणखी एक. सध्या ‘पंप स्टोरेज’ हा शब्द पेपरात फार दिसतो. म्हणजे दोन तळी, एक वर, एक खाली. दुपारी सौर वीज जास्त झाली की तिच्यावर पंप चालवून खालचं पाणी वर चढवायचं, आणि रात्री तेच खाली सोडून वीज करायची. चढवताना लागते त्यापेक्षा उतरताना कमी मिळते, पण वेळेवर मिळते. अकोले तालुक्यातल्या घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प आधीपासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केला तो भिवपुरीला १००० आणि शिरवत्याला १८०० मेगावॉटसाठी. इतरही कंपन्यांचे सह्याद्रीत असे बरेच प्रस्ताव आहेत. यात तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं, हा मोठाच गुण. पण मग माझ्यासारख्या अडाण्याला प्रश्न पडतो, की पाणी जर परत वरच चढवणार, तर पश्चिमेला कायमचं सोडावं लागणारं पाणी त्या मानाने कमी होणार का? वाचलेलं कुणाला मिळणार? आणि वरची नवी तळी कुणाच्या शेतात, कुणाच्या देवराईत होणार? मोठ्या प्रकल्पाच्या आधी बहुतेक वेळा जनसुनावणी होते. तिथे पुढच्या खुर्च्यांवर कोण बसतं आणि बायका कुठे उभ्या असतात ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या तालुक्यात अशी सुनावणी लागली तर कागद मराठीत मागा, आणि सातबाऱ्यावर घरातल्या बाईचं नाव आहे का ते आधी बघा. आक्कांच्या आईचं नव्हतं. वडील गेल्यावर त्या माउलीला कुणी काही विचारलंच नाही.

काल मीच सांगोल्याला फोन लावला. हे सगळं तिला सांगितलं, टाकीचा हिशेब, इंद्रायणी, बदलापूर. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी बरोबरच होते की."

"निम्मी," मी म्हटलं.

"बरं, निम्मी तर निम्मी. ते दुष्काळी वर्षाच्या नियमाचं कुणाला अर्जात लिहायचं तेवढं सांग. आमच्या बचत गटात चाळीस बायका आहेत, सगळ्या सह्या करतील." एवढ्यात तिकडे दारात टँकरचा भोंगा वाजला. "ठेवते ताई," म्हणाली आणि कळशी घेऊन पळालीसुद्धा.

अर्जाचा मसुदा मी रात्री लिहायला घेतला आहे. आक्का शेजारी बसून नावं सांगताहेत, त्यांच्या खोऱ्यातल्या बुडालेल्या गावांची. म्हटलं, आक्का, हा अर्ज मुळशीचा आहे, कोयनेचा नाही. तर म्हणाल्या, "असू दे. खाली जागा उरली तर लिही."